किती पानं लिहायची, मॅडम?

असाइनमेंट दिली की वर्गातून येणारा पहिला प्रश्न कधीच विषयाबद्दल नसतो. किती पानं, मॅडम? मग दुसरा, एका बाजूनं का पाठपोट? मग रेघी कागद चालेल का, का ए-फोरच आणायचा? आणि शेवटच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारतं, टाइप केलं तर मार्क कापाल का. काय लिहायचं, कुणासाठी लिहायचं, चांगलं लिहिलं म्हणजे नक्की काय केलं, यातलं एकही अक्षर नाही. स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगितला की सगळे हसतात, आजकालची पोरं वगैरे सुरू होतं, चहा संपतो. मला मात्र यात पोरांचं काही चुकतंय असं वाटत नाही. उलट त्यांनी सिस्टिम अगदी बरोबर ओळखलेली असते. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात बसून त्यांनी हे बघितलंय की लिहिलेलं कुणी वाचत नाही, पण मोजतात मात्र नक्की.

मी खानदेशात एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. वर्गातली निम्मी पोरं घरी अहिराणी नाहीतर लेवा बोली बोलणारी, कित्येक जण सकाळी शेतात नाहीतर दुकानात हात लावून मग एसटीनं येणारी. त्यांना सिलॅबस मिळतो. त्यात युनिट असतात, तासिका असतात, क्रेडिट असतात, संदर्भग्रंथांची यादी असते, हल्ली तर प्रत्येक पेपरला 'कोर्स आउटकम' पण असतात, की हा कोर्स पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला अमुक आकलन होईल, तमुक दृष्टी विकसित होईल. पण लेखी काय द्यायचंय याबद्दल जेमतेम एक ओळ. 'अंतर्गत मूल्यमापन: असाइनमेंट / सेमिनार / प्रकल्प.' संपलं. दृष्टी विकसित झाली ते कागदावर कसं दिसतं हे कुठेच नाही. मग पोरगं काय करणार, मागच्या वर्षीच्या दादाला नाहीतर ताईला विचारणार, आणि ती सांगणार, अरे काही नाही, पहिलं पान सजवायचं, प्रस्तावना टाकायची, मधे पाच-सहा मुद्दे ठळक करायचे, खाली रेघ ओढायची, समारोप, झालं. हा आमचा खरा सिलॅबस, आणि तो कुठल्याही अभ्यास मंडळानं न बनवता वर्षानुवर्षं टिकून आहे.

हे ताईनं स्वतःच्या मनानं बनवलेलं नाही. ते आलंय तपासणीतून. परीक्षा झाल्या की कॅप सेंटरला, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासायच्या केंद्रावर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात आणि आम्ही बसतो. समोर गठ्ठा, बाजूला अजून गठ्ठे, निकालाची तारीख डोक्यावर, मानधन उत्तरपत्रिकेमागे. त्या बैठकीत एका उत्तराला मिनिटं किती मिळतात ते बसलेल्यालाच माहीत. अशा वेळी डोळा काय शोधतो तर पेनानं अधोरेखित केलेला मुद्दा, समास सोडलेला आहे का, प्रश्न क्रमांक ठळक आहे का, पुरवण्या किती जोडल्यात. हे मी कुणाची बदनामी म्हणून सांगत नाहीये, मी पण त्याच टेबलावर बसते. आणि याचा परिणाम असा होतो की प्रश्नपत्रिकेत 'स्पष्ट करा' असो, 'चर्चा करा' असो, 'परामर्श घ्या' असो नाहीतर 'चिकित्सा करा' असो, उत्तर येतं एकच. कारण चिकित्सा केली म्हणून जास्त मार्क पडले असं कुणी कधी बघितलेलंच नाही. पुरवणी जोडली म्हणून पडलेले मात्र सगळ्यांनी बघितलेत, निदान तशी सगळ्यांची पक्की समजूत आहे, आणि परीक्षेत समजुतीवरच चालतं सगळं.

थोडं मागे जाऊन बघितलं तर हे काही आजचं नाही. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ ला, कलकत्ता आणि मद्रासबरोबर, आणि तिघांनाही नमुना होता लंडन विद्यापीठाचा. ते लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवत नव्हतं, परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ जन्मालाच आलं ते परीक्षा घेणारं ऑफिस म्हणून. शिकवायचं कॉलेजनं, एल्फिन्स्टननं नाहीतर पुण्याच्या कॉलेजनं, आणि तपासायचं विद्यापीठानं. पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली, पहिले बी.ए. १८६२ ला बाहेर पडले, त्यात रानडे होते, भांडारकर होते. ज्यानं शिकवलं त्यानंच वाचायचं आणि त्यावर चार ओळी लिहून परत द्यायचं, मग विद्यार्थ्यानं पुन्हा लिहायचं, ही गोष्ट त्या रचनेत मुळात बसतच नव्हती. लेखन म्हणजे तीन तासांत अनोळखी माणसासाठी लिहिलेलं, परत कधीच हातात न येणारं. आजही आपली उत्तरपत्रिका बघायला मिळावी तर अर्ज करा, फी भरा, फोटोकॉपी मागवा. आणि ती मागवणारा सुद्धा मार्क वाढतायत का तेच बघायला मागवतो. आपण काय लिहिलं होतं हे वाचायला फी भरलेला माणूस मला अजून भेटायचाय.

रानड्यांचंच एक आहे. एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना केली आणि इंग्रजी राज्य काही त्यात उजवं ठरलं नाही. प्रिन्सिपल होते सर अलेक्झांडर ग्रँट. त्यांना ते रुचलं नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबली, असं त्यांच्या चरित्रांत येतं. बघा म्हणजे, निबंध लिहा म्हणून सांगितलंय, तुलना करा हे पण बहुधा अपेक्षित असणार, पण तुलनेतून काय निघू नये ही अट कागदावर नव्हती. ती मोडल्यावरच कळली. मला हा किस्सा वर्गात सांगायला आवडतो कारण पोरं लगेच म्हणतात, मॅडम हे तर आमच्या अमुक सरांसारखं झालं, त्यांच्या नोट्समध्ये नसलेलं लिहिलं की ते चिडतात. ग्रँटसाहेबांनी निदान निबंध शेवटपर्यंत वाचला होता, हे मी मनातल्या मनात म्हणते.

२०१७ ला मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तपासायचं ठरवलं आणि जो गोंधळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल, निकाल महिनोन्महिने लांबले, पोरांचे पुढचे प्रवेश अडकले, शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. पेपरांत रोज बातम्या. किती तपासून झाल्या, किती राहिल्या, किती गहाळ. त्या लाखो उत्तरपत्रिकांत पोरांनी लिहिलं काय होतं, त्यातून कोणाला काय येतं ते कळलं का, असा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात मी तरी कुठे वाचला नाही.

इंजिनीअरिंगवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. माझा भाऊ त्या लायनीतला, त्यामुळे घरात बघितलंय. सेमिस्टरच्या शेवटी सबमिशन. जर्नल पूर्ण पाहिजे, राइट-अप सगळे पाहिजेत, नाहीतर टर्मवर्क अडकणार. मग एकाची फाइल अख्ख्या होस्टेलवर फिरते आणि सगळे रात्रभर 'छापत' बसतात. ड्रॉइंगच्या शीट असल्या तर काचेखाली दिवा लावून जीटी मारायची, म्हणजे दुसऱ्याची शीट खाली ठेवून गिरवायची. हातानंच लिहिलेलं पाहिजे ही अट का, तर म्हणे त्यानिमित्तानं डोळ्याखालून तरी जातं. जातंच, पण डोळ्याखालून गेलेलं डोक्यातून जातंच असं नाही, आणि हे सही करणाऱ्याला पण माहीत असतं, छापणाऱ्याला पण. कॉमर्स-मॅनेजमेंटवाल्यांचं मुंबईकडे प्रकल्प अहवालाचं ते 'ब्लॅक बुक' असतं, काळं बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरं. बाइंडिंगवाल्याकडे मागच्या वर्षीची सॉफ्ट कॉपी मिळते, नाव बदलायचं फक्त. कधीकधी ते पण एका ठिकाणी बदलायचं राहतं आणि आभारप्रदर्शनात दुसऱ्याच्याच आईवडिलांचे आभार मानलेले असतात.

यावर उपाय म्हणून वरून आलं ते टक्केवारीचं प्रकरण. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ ला वाङ्मयचौर्याबद्दल नियम आणले. प्रबंधाचं आधीच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर काही नाही, दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्या, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रत द्यायची नाही, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हेतू चांगला आहे, नाकारत नाही. त्यात असंही आहे की सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगानं जुळलेली, सलग चौदा शब्दांपर्यंतची वाक्यरचना धरायची नाही. आता हे पीएच.डी.च्या पोरांना कळल्यावर काय झालं असेल? 'पानं किती'च्या जागी 'टक्के किती' आलं. मराठीत तर अजून गंमत, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं प्रबंध डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले, कित्येक नुसते स्कॅन करून चढवलेले. ते सॉफ्टवेअरला मराठी म्हणून दिसतच नाहीत, एक तर चित्र दिसतं नाहीतर इंग्रजी अक्षरांचा कचरा. म्हणजे ज्या जुन्या प्रबंधातून उचललंय तो मशीनला वाचताच येत नाही आणि रिपोर्ट येतो स्वच्छ. उलट कुणी प्रामाणिकपणे अभंगांचे, ओव्यांचे उतारे दिले आणि अवतरणचिन्हं नीट टाकली नाहीत तर त्याचा आकडा चढतो, म्हणजे संतांकडून चोरी. गाइडनं सांगितलेलं असतं टक्का खाली आण, मग तो बिचारा चांगल्या वाक्यातले शब्द पुढेमागे करत बसतो, 'महत्त्वाचे' काढून 'मोलाचे' घालतो. यात संशोधन कुठे आहे हे मला सांगा कुणीतरी.

आणि आता एआय. माझं यावर जरा वेगळं मत आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत असाइनमेंट अचानक फार गुळगुळीत यायला लागल्या, प्रस्तावना आहे, मुद्दे आहेत, प्रत्येक मुद्द्याला ठळक शीर्षक आहे, समारोपात आजच्या काळातील महत्त्व आहे. स्टाफरूममध्ये आरडाओरडा झाला. मी त्या शांतपणे बघितल्या आणि म्हटलं, अहो पण आपण हेच तर मागत होतो! ताईनं सांगितलेला सिलॅबस मशीननं शंभर टक्के पूर्ण केला. कुणासाठी लिहिलंय हे नसलेलं, लिहिणारा कोण ते न कळणारं, सगळ्यांना चालेल असं लेखन आम्ही इतकी वर्षं पूर्ण मार्क देऊन घेत आलो, आता ते फुकटात तयार व्हायला लागलं तर तक्रार कसली करायची. पोरगं आधी गाइडातून उतरवायचं, आता मोबाइलमधून उतरवतं, मधल्या मधे गाइडवाल्याचं नुकसान झालं एवढाच फरक.

नवीन शैक्षणिक धोरणानं एक बरं केलं, म्हणजे माझ्यापुरतं बरं. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं आणि त्याबरोबर फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी नावं आली. बऱ्याच ठिकाणी याचं पण फाइल-फोटो-सर्टिफिकेट झालंय ते सोडा. पण फील्ड प्रोजेक्ट म्हटल्यावर मला एक मोकळी जागा मिळाली. मी एक कागद तयार केला, एकच पान, झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटला. त्यात पानांची संख्या वरच टाकली, तीन ते चार, म्हणजे तो प्रश्न एकदाचा संपला. मग लिहिलं की तुमच्या गावातलं एक काम निवडा, जे तुम्ही स्वतः जवळून बघितलंय. ते अशा माणसाला समजावून सांगा ज्यानं ते कधीच बघितलेलं नाही, समजा रत्नागिरीच्या एखाद्या मुलीला. कामात वापरले जाणारे शब्द जसेच्या तसे वापरा पण पहिल्यांदा येतील तिथे अर्थ कळला पाहिजे. निदान दोन माणसांशी बोला आणि ती काय म्हणाली ते त्यांच्याच बोलीत लिहा. प्रस्तावना नको, समारोप नको. पहिला खर्डा अमुक तारखेला, मी वाचून परत देणार, मग दुसरा. आणि खाली लिहिलं की मार्क कशाला आहेत, नेमकेपणाला किती, बोलणं नोंदवण्याला किती, दुसऱ्या खर्ड्यात सुधारलं त्याला किती.

समारोप नको, याचा वर्गाला सगळ्यात मोठा धक्का बसला. एकानं तर विचारलं, मॅडम मग संपवायचं कसं?

पहिले खर्डे आले ते बहुतेक 'आपला भारत हा कृषिप्रधान देश आहे'नं सुरू झालेले. साहजिक आहे, शाळेत नदीचं आत्मवृत्त आणि मी पंतप्रधान झालो तर लिहून आलेली पोरं, सुरुवात मोठी करायची असते हे हाडांत गेलेलं. पण एका मुलीचा खर्डा होता, रावेरकडची, घरची केळी. तिनं सुरुवातीचं अर्धं पान असंच कृषिप्रधान घालवलं होतं आणि मग तिसऱ्या परिच्छेदात अचानक पेपरात येणारे केळीचे भाव कसे वाचायचे ते लिहिलं होतं. नवती म्हणजे नव्या लावणीचा माल, पिलबाग म्हणजे पहिला घड कापल्यावर मागे ठेवलेल्या पिलाला येतो तो, वापसी म्हणजे व्यापाऱ्यानं नाकारलेला, मिळेल त्या भावात जाणारा. आणि पुढे एक वाक्य, की वापसी किती निघाली हे ठरवायला बागेत व्यापाऱ्याचा माणूस असतो, आपला नसतो, त्यामुळे त्या दिवशी बाबा सकाळपासून त्याच्या मागे मागे फिरतात आणि मधे मधे त्याला चहा विचारतात. मी तिला एवढंच लिहून दिलं की आधीचं अर्धं पान काढ, इथून सुरू कर, आणि चहाचं अजून सांग. दुसरा खर्डा आला तेव्हा त्यात घडाचं वजन होतं, गाडी भरताना केळीच्या पानांचे थर कसे देतात ते होतं, आणि वडिलांचं बोलणं त्यांच्या बोलीत जसंच्या तसं. मशीनला हे येणार नाही असं मी म्हणत नाही, उद्या येईल पण, पण तिला ते मशीनला विचारायची गरजच पडली नाही कारण तिला माहीत होतं आणि ते कुणीतरी मागितलं होतं.

सगळ्यांचं असं झालं नाही हे पण सांगते. एकानं सलूनवर लिहायला घेतलं आणि दोन्ही खर्ड्यांत सलूनचा इतिहासच दिला, इजिप्तपासून. एकानं दुसऱ्याचाच खर्डा आणला. काहींनी दुसरा खर्डा दिलाच नाही, लग्नसराई होती, कापसाची वेचणी होती, कारणं खरी होती. आणि वेळ! दोन खर्डे वाचायचे म्हणजे दुप्पट वाचन, ते तासिकेत धरत नाहीत, घरी रात्री बसून करायचं. एका सहकारी सरांनी प्रेमानं समजावलं, मॅडम, एवढं करून तुम्हाला पर्मनंट करणारेत का? उत्तर त्यांना पण माहीत होतं.

अजून एक भांडण शुद्धलेखनाचं. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ ला चौदा नियम केले, १९७२ ला अजून चार जोडले, तेव्हापासून हे अठरा नियम आपल्याकडे प्रमाण. मराठीच्या पदवीला ते यायला पाहिजेत, यात वाद नाही. पण पहिल्याच खर्ड्यात मी 'पानी'चं 'पाणी' करत लाल पेन फिरवला असता तर त्या पोरीनं चहाचं लिहिलंच नसतं, तिनं शुद्ध कृषिप्रधान देश लिहिला असता. म्हणून पहिल्या खर्ड्याला मी व्याकरणाला हात लावत नाही, दुसऱ्यात लावते, आणि वडिलांच्या तोंडचं वाक्य असेल तर तिथे कधीच नाही. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना हे अजिबात मान्य नाही, त्यांच्या मते अशानं मुलांना वळण लागत नाही. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, बँकेच्या नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या पेपरात 'पानी' कोण खपवून घेणार.

सध्या आमचा वाद अडकलाय तो मार्कांवर. ज्यांनी दुसरा खर्डा दिला नाही त्यांना पहिल्यावर मार्क द्यायचे का. सर म्हणतात द्या, सिलॅबसमध्ये खर्डा नावाचा शब्दच नाही, उद्या कुणी तक्रार केली तर दाखवणार काय. माझं म्हणणं आहे की मी कागदावर लिहून दिलं होतं, पहिल्याच आठवड्यात, प्रत्येकाच्या हातात. पोर्टलवर मार्क भरायची शेवटची तारीख शनिवार आहे. आणि पुढच्या सेमिस्टरच्या कागदात एक ओळ वाढवलीय, की संपवायचं कसं हे विचारू नका, सांगायचं संपलं की पेन ठेवा.